पीठ : एक नग

आमच्या तालुक्यातल्या मुलांना 'मच' आणि 'मेनी' यांतला फरक कळत नाही, हे शासनाच्या लक्षात आलं आणि तिथून माझ्या घरातली शांतता गेली. शिक्षकांना तो फरक कळतो का, हे सर्वेक्षणात कुणी विचारलं नव्हतं, एवढीच काय ती शासनाची कृपा. सर्वेक्षणाचा लाल-पिवळा-हिरवा तक्ता आला. त्यात 'काउंटेबल व अनकाउंटेबल नाऊन' या रकान्यात आमचं केंद्र इतकं लाल होतं की विस्तार अधिकारी महाले साहेबांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक शब्दही न लिहिता नुसतं रागावलेलं लाल तोंड टाकलं. त्यावर केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी ताबडतोब हात जोडले.

मग ठरलं की पुढच्या शिक्षण परिषदेत याच घटकावर आदर्श पाठ घ्यायचा. शिक्षण परिषद म्हणजे केंद्रातले सगळे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात, आल्यावर चहा घेतात, दुपारी जेवतात, आणि मधल्या वेळात कुणा एकाचा बळी देतात. या वेळची परिषद आमच्या शाळेत होती. शाळा साक्री रस्त्यावरच्या एका गावात आहे आणि मी धुळ्याहून, देवपुरातून, रोज मोटारसायकलवर जातो. मुख्याध्यापक जीवराम सर म्हणाले की इंग्रजीचे तज्ज्ञ तुम्हीच. तज्ज्ञ कसा, तर मागे एका इंग्रजीच्या प्रशिक्षणाला पाठवायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून मी गेलो होतो. तेव्हापासून शाळेत इंग्रजीतलं काहीही आलं, मग ते पंख्याचं वॉरंटी कार्ड का असेना, माझ्या टेबलावर येतं.

साहित्याबद्दल परिपत्रक होतंच. साहित्य परिसरातलं हवं, विनाखर्चाचं हवं, मुलांना हाताळता आलं पाहिजे, आणि त्याची शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत नोंद हवी. मी विचार केला, सोपं आहे. मोजता येणारं म्हणजे खडू, बांगड्या, चिंचोके. मोजता न येणारं म्हणजे पाणी, वाळू, साखर, तेल, पीठ. पारदर्शक बरण्यांत भरायचं आणि मांडायचं. जीवराम सरांनी नोंदवही उघडली, चष्मा लावला आणि विचारलं, "वाळू किती नग?"

मी म्हटलं, सर, ती मोजता येत नाही, पाठ तोच आहे. सर म्हणाले की पाठ काहीही असो, नगाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, उद्या ऑडिटवाल्याला काय सांगू, आमच्या इंग्रजीच्या सरांना मोजता आलं नाही म्हणून? मी त्यांना वाळूचे कण, पाण्याचे थेंब वगैरे समजावून सांगायला लागलो. ते शांतपणे ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता त्यांनी लिहिलं: पाणी, एक नग. वाळू, एक नग. पीठ, एक नग. अशा रीतीने माझा पाठ मी घेण्याआधीच शाळेच्या शिक्क्यानिशी खोटा ठरला. मी खाली सही केली.

बरण्या घ्यायला मी आमच्या घरासमोरच्या प्रकाशशेठच्या किराणा दुकानात गेलो. प्रकाशशेठ हा सल्ला देणारा माणूस आहे. किराणा तो जोडधंदा म्हणून करतो. कशाला हव्यात बरण्या म्हणून त्याने विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं. त्याचं म्हणणं पडलं की जगात न मोजता येणारी चीजच नसते, फक्त पॅकिंग चुकलेलं असतं. तेलाचं पाऊच करा, मोजता येतं. साखरेची पुडी करा, मोजता येते. "सर, इंग्रज लोकांना पुड्या बांधता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी हे ग्रामर काढलं," असं तो दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. माझी पदवी इंग्रजीची आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मी वाटीभर कणीक सुटी मागितली तर शेठ म्हणाला, सुटी बंद केली, पाच किलोचं पाकीट घ्या. विनाखर्चाच्या पाठासाठी पाच किलोचं पाकीट घ्यायला मी काही महाले साहेब नव्हे. म्हटलं, घरात कणीक आहे की.

घरात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते आता सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष माझ्यावर येईल. तो तसाही येणारच आहे.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. खान्देशात राहून ज्याला कानबाई ठाऊक नाही असा माणूस मिळायचा नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवतात आणि त्या दिवशी रोट होतात. रोट म्हणजे खास दळलेल्या पिठाचा नैवेद्य. त्याचं दळण ठरलेलं: भाऊबंदकीत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने प्रत्येकी सव्वा मूठ गहू, बरोबर हरभऱ्याची डाळ, आणि ते जाडसर दळायचं. तान्हं पोरही त्यात मोजतात. ते पीठ फक्त भाऊबंदांनी खायचं. परक्याच्या तोंडी त्यातला कणही जायचा नाही, आणि गेलाच तर आमच्या कुळात त्या वर्षी रोटाची पंगत बसत नाही. आजोबांच्या वेळी एकदा असं झालं होतं म्हणतात, आणि त्या माणसाचं नाव अजून गावात निघतं.

दरवर्षी कानबाई शिंदखेड्याकडच्या आमच्या गावी, मोठ्या काकांकडे, म्हणजे झुलाल आबांकडे बसते. या वर्षी आबांचं घर पाडून नवं बांधायला काढलेलं, म्हणून देवी प्रथमच आमच्या देवपुरातल्या घरी बसणार होती. माझी बायको नूतन पोस्टात नोकरी करते. शहरातल्या नोकरीवाल्या सुनेला हे झेपेल का, यावर गावात बरीच चर्चा झाल्याचं तिच्या कानावर आलं होतं आणि ती दात-ओठ खाऊन कामाला लागली होती. मदतीला भिकुबाई काकू आठवडाभर आधी येऊन राहिली होती. ही माझी धाकटी काकू.

काकूला एकच मुलगा, प्रेमराज. फैजपूरला केळीचा व्यापार करतो. बांधावरचा निंब तोडायचा की नाही यावरून आबांचं आणि त्याचं सहा-सात वर्षांपूर्वी वाजलं. निंब अजून उभा आहे, बोलणं तेवढं तुटलं. प्रेमराज आईला भेटतो, दवाखाना करतो, पैसा-अडका बघतो, पण भाऊबंदकीच्या पंगतीला येत नाही. आबांनी सांगून टाकलं होतं की जो पंगतीला येत नाही त्याची मूठ घालायची नाही. काकू दरवर्षी हो म्हणते आणि दरवर्षी घालते. मंगळवारी तिने दळण केलं तेव्हा मी समोर पेपर वाचत होतो. एकेकाचं नाव घेऊन ती गहू परातीत टाकत गेली, आणि शेवटी दाराकडे बघून, नाव न घेता, आणखी एक सव्वा मूठ टाकली. या वर्षी प्रेमराज फोनवर 'बघतो' म्हणाला होता. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा 'नाही' म्हणाला नव्हता. काकू नूतनला रोज सांगायची, "डोया मिटाना आंगोदर एकदाव त्याले पंगतमा देखी लिऊ दे, बस." डोळे मिटण्याआधी त्याला एकदा पंगतीत बघायचं, म्हणून त्या एका 'बघतो'वर म्हातारी चार माणसांचं काम करत होती.

आता हे सगळं माहीत असताना मी ते पीठ घेतलंच कसं, असं नूतनने नंतर बऱ्याचदा विचारलं. त्याचं उत्तर असं की पाठाच्या दिवशी सकाळी ती देवीचं सामान आणायला काकूला घेऊन बाजारात गेली होती, मला उशीर झाला होता, आणि स्वयंपाकघरात पिठाचा डबा समोरच होता. डब्यावर कुंकवाचं बोट होतं, हे खरं. पण आमच्या घरात कुंकवाचं बोट मिक्सरवर आहे, गॅसच्या सिलिंडरवर आहे, माझ्या हेल्मेटवरसुद्धा आहे. त्या हिशेबाने मी हेल्मेटही घालायला नको. मी बरणी भरली, झाकण लावलं आणि निघालो.

पाठ सुरुवातीला फार छान चालला. मागच्या बाकांवर केंद्रातले शिक्षक पेंगत होते, हेच आदर्श पाठाचं लक्षण. खडू, बांगड्या, चिंचोके मुलांनी पटापट मोजले. वाळू मोजता येत नाही हेही त्यांनी मान्य केलं. गाडी केळीवर अडली. मी म्हटलं केळी काउंटेबल. मुलं म्हणाली, नाही सर, केळी काट्यावर क्विंटलने जाते, मोजत कुणी बसत नाही. मागून एका शिक्षकाने जागे होऊन मुलांना पाठिंबा दिला. त्याची सासुरवाडी केळीवाल्या रावेरची. मी घाईघाईने पिठाची बरणी उचलली आणि विचारलं, हे मोजता येईल का?

सातवीतली मयुरी उभी राहिली. ही मुलगी हुशार आहे आणि आजवर तिच्या हुशारीचा मला कधी त्रास झाला नव्हता. ती म्हणाली, "येतं सर. आमच्याकडे कानबाईचं पीठ मोजूनच असतं. माणसामागे सव्वा मूठ."

महाले साहेब एकदम सावरून बसले. वा, म्हणाले, परिसराशी सांगड, हेच तर हवंय. आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मात्र हातातल्या बरणीकडे बघत होतो. पीठ जाडसर होतं. त्यात डाळीचे पिवळे कण स्पष्ट दिसत होते. मला पुढचं वाक्य इंग्रजीत तर सोडाच, मराठीतही सुचेना. साहेबांनी ती बरणी माझ्या हातातून घेतली, झाकण उघडून हुंगली, दळण छान आहे म्हणाले आणि मुलांना हाताळायला दिली. बरणी बाकाबाकांवरून फिरत राहिली आणि मी फळ्यापाशी उभा राहून प्रत्येक मुलाला ओरडत होतो की सांडू नका, चाखू नका, बोट घालू नका. मागच्या शिक्षकांनी नंतर माझ्या स्वच्छतेच्या आग्रहाचं कौतुक केलं.

तरी तोवर काही बिघडलं नव्हतं. बरणी घरी न्यायची, पीठ डब्यात ओतायचं, आणि आयुष्यभर तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम होतं. पण पाठ संपताच साहेबांनी मला फोटो अपलोड करायला पकडलं. त्या ॲपला ठिकाणासह फोटो लागतो आणि ठिकाण सापडायला नेटवर्क लागतं. नेटवर्क आमच्या गावात फक्त ग्रामपंचायतीच्या टाकीवर येतं. साक्री रस्त्यावरचा शिक्षक पाण्याच्या टाकीच्या शिडीवर उभा राहून 'आपण शाळेच्या आवारात नाही' हा संदेश वाचतोय, असं चित्र कुणीतरी काढावं. मी परत आलो तेव्हा माझ्या बरण्या व्हरांड्यात धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. सगळ्या.

परिषदेला जेवण वरण-बट्टीचं असतं. आमची पोषण आहार शिजवणारी झुंबरबाई मला बघून खुशीत म्हणाली की सर, बट्टीला पीठ कमी पडत होतं, तुमचं जाडसर अगदी बट्टीजोगं होतं, दिलं टाकून. मी विचारलं, कुठल्या बट्ट्यांत? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, एकच गोळा मळला ना सर, कुठल्या म्हणून काय सांगू.

मी हिशेब केला, म्हणजे करायचा प्रयत्न केला. केंद्रातले सगळे शिक्षक, त्यांच्या ताटात बट्ट्या, आणि प्रत्येक बट्टीत थोडा थोडा आमचा रोट. त्या पंगतीत आमच्या कुळाचा एकच माणूस हजर होता, तो म्हणजे मी. तेव्हा परक्यांच्या तोंडी कमीत कमी जावं म्हणून मला एकच उपाय दिसला, तो मी केला. मी बट्ट्या खाल्ल्या. वाढप्याला अडवून खाल्ल्या, साहेबांच्या दिशेने चाललेलं ताट मध्येच थांबवून खाल्ल्या. वांग्याची भाजी, वरण, तूप काही नको, नुसत्या कोरड्या बट्ट्या. महाले साहेब कौतुकाने म्हणाले की पाठ घेतल्यावर भूक लागतेच बुवा. त्यांनी स्वतः चार हाणल्या. जीवराम सर मला कानात म्हणाले, "सर, आपण यजमान आहोत. बरं दिसत नाही." मी तोंडात बट्टी असल्यामुळे काही बोलू शकलो नाही.

संध्याकाळी जड पोटाने आणि त्याहून जड मनाने मी प्रकाशशेठकडून पाच किलोचं ते पाकीट घेतलं. शेठ म्हणाला, आधीच सांगितलं होतं. घरी नूतन आणि काकू मागच्या अंगणात देवीचा चौरंग घासत होत्या. मी स्वयंपाकघरात गेलो, कानबाईचा डबा उघडला आणि त्यात पाकिटातली कणीक ओतायला लागलो. कंपनीची कणीक पांढरीशुभ्र आणि मऊ, खालचं पीठ पिवळसर आणि जाड. लपवालपवीतही मला काही जमत नाही. मी चमच्याने ढवळत होतो तेवढ्यात मागे नूतन येऊन उभी राहिली.  ती माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांच्या संसारात मी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. ऐकल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, "माझं काही नाही. गाव काय बोलायचं ते बोलेल. त्या म्हातारीला काय सांगायचं?"

सांगायचं मलाच होतं. काकूसमोर बसून मी नाऊन, पाठ, टाकी, बट्टी असं सगळं उलटसुलट सांगितलं. मला वाटलं शिव्या घालेल, आणि मला शिव्या हव्याही होत्या. काकूने फक्त विचारलं, "कोनी मूठ गयी?"

कुणाची मूठ गेली. मी म्हटलं, काकू, पीठ एकत्र असतं, त्यात अमक्याचं तमक्याचं असं सांगता येत नाही. सकाळी हेच मी मुलांना शिकवलं होतं. काकूने डब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाली, "मनाच पोर्‍यानी गयी व्हई." माझ्याच पोराची गेली असेल, एवढं म्हणून ती हात झटकून पुन्हा चौरंग घासायला निघून गेली. मला तोवर आपली थट्टा झाल्यासारखं वाटत होतं, लाज वाटत होती, महाले साहेबांचा राग येत होता. त्या क्षणी मात्र मला रडू आलं. पंगत बसणार नाही, म्हणजे प्रेमराजला यायला काही निमित्तच उरलं नाही. पुढच्या श्रावणापर्यंत काकू असेल की नाही, कोण सांगणार.

आबांना कळवणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आबा आले, पाणी प्यायले, आणि दिवाणखान्यात खुर्ची भिंतीला टेकवून बसले. प्रकाशशेठही दुकान बायकोवर, धापूबाईवर, टाकून येऊन बसला, कारण सल्ल्याला वाव होता. आबांनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं की इंग्रजीत पीठ मोजता येत नाही, त्यावर पाठ होता. आबांनी विचार केला.

"इंग्रजस्ले पीठ मोजता येत नही?"

नाही म्हटलं.

"मंग राज कसं करं त्यास्नी?"

प्रकाशशेठ म्हणाला, तेच मी म्हणतोय. तेवढ्यात माझा फोन वाजला. जीवराम सर होते. पिठाचा एक नग साठ्यात दिसत नाही, तो खर्ची टाकायचा तर समितीची सभा घेऊन निर्लेखनाचा ठराव करावा लागेल, आणि वस्तू नादुरुस्त कशी झाली याचं कारण लिहावं लागेल, तर काय लिहू? मी म्हटलं, खाल्लं असं लिहा. ते म्हणाले, तसा रकाना नाही. आबांनी विचारलं, कोनाना फोन? मी म्हटलं, पिठाचाच आहे. आबांनी मान हलवली. आपला पुतण्या वाटला होता त्याहून मोठ्या लफड्यात आहे, असं त्यांना वाटलं असावं, आणि त्यामुळेच की काय ते थोडे निवळले.

मग त्यांनी निकाल दिला. खाणाऱ्यांना माहीत नव्हतं, त्यांना दोष नाही. डब्यातलं उरलेलं गाईला घाला. देवी घरात येतेय तर तिला उपाशी ठेवून चालायचं नाही, दळण नवं करा, पंगत बसेल. नूतनने माझ्याकडे न बघता सुटकेचा श्वास सोडला. पण आबांचं संपलं नव्हतं.

"आते भिकूनी कोनीच मूठ टाकाव नही," आबा म्हणाले. "ज्यानी त्यानी यीसन आपला हातघाई टाकवी. जो येव नही, त्यानी मूठ नही."

म्हणजे ज्याने त्याने स्वतः येऊन आपल्या हाताने गहू टाकायचे. आबा काकूकडे बघत नव्हते, पण ते कुणासाठी बोलले हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. सहा-सात वर्षं काकू गुपचूप काय करत होती ते म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.  काकू आत गेली आणि नवे गहू निवडायला बसली. पण समोरचे गहू तिला दिसत नव्हते. चांगले गहूही ती खड्यांबरोबर बाजूला टाकत होती. माझ्या एका बरणीपायी पोराची मूठ टाकण्याचं तिच्या हातातलं एवढंसं कामही गेलं होतं.

मी गच्चीवर जाऊन प्रेमराजला फोन लावला. आमचं बोलणं होतं, पण तब्येत-पाण्यापुरतं. मी त्याला सगळं सांगितलं, बट्ट्या अडवून खाल्ल्या तेही सांगितलं. आधी त्याला काही कळेना. मग तो हसायला लागला. असा हसला की शेजारचे हमाल त्याला काय झालं म्हणून विचारत असल्याचं मला ऐकू आलं. साहेबाने किती खाल्ल्या, असं विचारून पुन्हा हसला. केळी मोजत नाहीत हे त्या पोरांचं बरोबर आहे, असंही म्हणाला. एका शिक्षकाच्या मानहानीवर एवढं हसणं शोभत नाही असं मला वाटलं, पण मी थांबलो. हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, "आई काय म्हणाली?"

मी काकूचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.  पलीकडून फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, त्याने उचलला नाही.

शनिवारी सकाळपासून भाऊबंद येऊ लागले. गावाहून एक जीप भरून आली. दिवाणखान्यात गव्हाचं पोतं, पुढे परात, बाजूला खुर्चीवर आबा. एकेक जण यायचा, पोत्यात हात घालायचा, सव्वा मूठ परातीत टाकायचा. तान्ह्यांच्या मुठी त्यांच्या बापांनी धरून टाकल्या. जो तो जाता जाता मला विचारत होता, काय सर, पीठ मोजलं का? मला हसून मान डोलवावी लागत होती. मी माझी मूठ टाकली तेव्हा आबा म्हणाले, बरणी आणली नाही ना?

सगळ्यांच्या मुठी टाकून झाल्या. चक्कीवाल्याने दोनदा निरोप पाठवला की दुपारी लाइट जाणार आहे, दळण लवकर आणा. आबा उठेनात. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते. मी दळण उचलायला वाकलो तर आबा म्हणाले, घाई काय आहे. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, उचल.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. प्रेमराज आत आला. खांद्यावर केळीचा अख्खा घड होता, तो त्याने भिंतीशी ठेवला. चपला काढल्या. सल्ला द्यायला आलेला प्रकाशशेठही वाट देऊन बाजूला सरकला. प्रेमराज आबांच्या समोर उभा राहिला. आबा परातीतल्या गव्हाकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "सव्वा भरजो. कमी नको भरू."

प्रेमराजने पोत्यात हात घातला. मूठ भरून परातीवर धरली, आणि काकू कधी दारातून आली ते आम्हाला कळलंच नाही. तिने त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी धरलं. त्याने मूठ सोडली, गहू परातीत पडले, पाव मूठ अजून राहिली होती, पण तिने हात सोडला नाही. तो तसाच वाकून उभा राहिला.

"भिकू, सोड त्याना हात," आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "लाइट चालनी जाई."

"जाऊ दे," काकू म्हणाली.

लाइट गेली. दळण मी संध्याकाळी गावाबाहेरच्या डिझेलच्या चक्कीवरून करून आणलं.